प्रोग्रॅम काउंटर आकडे गाळतो, अडकतो, भलतीकडे उडी मारतो: ७४एलएस१६१ चं समस्या निवारण

ब्रेडबोर्ड कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढची सूचना कुठल्या पत्त्यावर आहे ते मोजणारा भाग, दिसायला अगदी साधा. एक ७४एलएस१६१ (चार बिटांचा काउंटर), एक ७४एलएस२४५ (त्याचा आकडा बसवर, म्हणजे सगळ्या भागांच्या सामायिक वायरींवर, सोडणारी चिप), चार एलईडी आणि वीसेक वायरी. पण तो एक घर जरी चुकला तरी भलतीच सूचना वाचली जाते आणि संशय जातो रॅमवर, नाहीतर कंट्रोल लॉजिकवर. दोन दिवस तिथे उकरून झाले की मग कोणीतरी काउंटरकडे बघतं.

१६१ ची एक सोय आहे. तिची प्रत्येक चूक आपल्या ठरलेल्या चालीने होते, आणि चुकीच्या आकड्यांचा क्रम पाहिला की दोष कुठल्या पिनवर आहे ते बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून चिप उपटण्याआधी क्लॉक हाताने द्या आणि निदान वीस आकडे कागदावर उतरवून घ्या. "मधेच चुकतो" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. "१४ नंतर ३१, मग १६" असं लिहिलेलं असलं की वायर सापडते.

जोडणी तपासताना

१६१ च्या पिना अशा: १ क्लिअर, २ क्लॉक, ३ ते ६ डेटा इनपुट ए ते डी, ७ ईएनपी (मोजण्याची एक परवानगी), ८ ग्राउंड, ९ लोड, १० ईएनटी (मोजण्याची दुसरी परवानगी), ११ ते १४ आउटपुट क्यूडी ते क्यूए (क्रम उलटा आहे, क्यूए १४ वर), १५ आरसीओ (मोजणी १५ वर आली की हाय होणारं आउटपुट), १६ ला ५ व्होल्ट. ए आणि क्यूए हे सर्वांत खालचं बिट. पिन ३ च्या बरोबर समोर १४ येते, ४ च्या समोर १३, ५ च्या समोर १२, ६ च्या समोर ११. म्हणजे एकाच बिटाचं इनपुट आणि आउटपुट समोरासमोर आहे. डोळ्यांनी तपासताना ही खूण फार उपयोगी पडते.

क्लिअर आणि लोड दोन्ही अ‍ॅक्टिव्ह लो. क्लिअर क्लॉकची वाट बघत नाही, लो झाल्याक्षणी काउंटर शून्यावर. लोड मात्र क्लॉकच्या रायझिंग एजलाच (तो लो वरून हाय होताना) घडतं, आणि लोड लो असताना मोजणी होत नाही, सीई (कंट्रोल लॉजिककडून येणारी मोजण्याची आज्ञा) हाय असला तरी. त्यामुळे जम्पच्या पायरीत सीई मुद्दाम बंद करत बसायची गरज नसते.

चिपवरचा नंबरही एकदा भिंगातून वाचाच. ९ नंतर काउंटर ० वर येत असेल तर हातात १६० किंवा १६२ आहे. ते दशमान काउंटर, पिना हुबेहूब याच. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, चिप बदलायची.

काउंटर एकटा मोजतो का

बसच्या वायरी आणि कंट्रोलच्या सगळ्या वायरी काढा. पिना १, ७, ९ आणि १० एका १के रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडा, ३ ते ६ ग्राउंडला. पिन २ वर साधारण १ हर्ट्झचा क्लॉक. आता ० ते १५ आणि पुन्हा ०, असं सोळा सेकंदांचं चक्र दिसायला हवं.

इथेच बिघडलं तर:

- ० वरून हलतच नाही: पिन १ लो आहे. किंवा पिन ९ लो आहे आणि ग्राउंड केलेले डेटा इनपुट दर एजला लोड होत आहेत. दोन्हींवर मल्टिमीटर लावा.
- भलत्याच एका आकड्यावर थांबलाय: क्लॉक पोचत नाही, किंवा ७ आणि १० पैकी एक लो आहे.
- ०, ०, २, २, ४, ४: काउंटर बरोबर मोजतोय, खालच्या बिटाचा एलईडी उलटा बसलाय किंवा त्याची वायर निघालीय.
- ०, १, ०, १, ४, ५, ४, ५: तेच, पण दुसऱ्या बिटाचं.
- ०, २, १, ३, ४, ६, ५, ७: खालच्या दोन बिटांच्या वायरींची अदलाबदल.
- ०, ८, ४, १२, २, १०: चारही बिटं उलट्या क्रमाने लावलीत.

पूर्ण जोडणीत सगळे एलईडी पेटून काउंटर १५ वर गोठला तर त्याचं कारण वेगळं. लोड लो राहिलाय आणि बसवर कोणीच नाही. एलएस चिपचं मोकळं सोडलेलं इनपुट हाय समजलं जातं, म्हणून दर एजला ११११ लोड होतं.

मोकळी पिन ओळखायची कशी? मल्टिमीटरने. नीट लो म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आत, नीट हाय म्हणजे २.७ च्या वर. एलएसच्या इनपुटवर दीड व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसलं की ती वायर कुठेच जोडलेली नाही असं समजा. वायर भोकात खोचलेली दिसते, पण शेजारच्या ओळीत असते. हाय समजलं जातं म्हणून कंट्रोलची पिन मोकळी सोडायची सवय मात्र लावून घेऊ नका. शेजारून क्लॉकची वायर गेली की तेवढ्या खडखडाटानेही ती क्षणभर लो होते. आणि एचसी मालिकेतल्या चिपवर तर मोकळी पिन काय समजली जाईल याचा काही नेम नाही.

मोजतो, पण आकडे गाळतो

आधी बटण. कुठलंही साधं पुश बटण दाबताना आणि सोडताना काही मिलिसेकंद थरथरतं आणि एका दाबण्यात काउंटरला दोन-चार एज मिळतात. आकडे १, २, ४, ५, ९ असे बेभरवशाचे येतात. ५५५ टायमर चिपचा मोनोस्टेबल यासाठी पुरतो: १ मेगओम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले की १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे ०.११ सेकंदाचा एकच पल्स मिळतो. ५५५ ची रीसेट पिन (पिन ४) ५ व्होल्टला जोडायची आणि पिन ५ वर १० नॅनोफॅरड द्यायचा. दोन बाजूंचा स्विच असेल तर ७४एलएस०० च्या दोन गेटांचं लॅच अधिक चांगलं. बटणाला नुसता कपॅसिटर लावून थरथर घालवायची युक्ती इथे अंगाशी येते. एज इतका मंद होतो की क्लॉक इनपुट उंबरठ्यावर रेंगाळतं आणि एकाचे दोन मोजले जातात. कपॅसिटर हवाच असेल तर पुढे ७४एलएस१४ लावा, त्याच्या श्मिट इनपुटला मंद एज चालतो.

बटण बाजूला ठेवून ५५५ च्या चालू क्लॉकवरही आकडे गळत असतील, तर नेमके कुठे गळतात ते पहा. ७ वरून ८ आणि १५ वरून ० ही दोन ठिकाणं पुन्हा पुन्हा दिसली तर दोष पुरवठ्याचा आहे. तिथे चारही बिटं एकदम बदलतात, तीन-चार एलईडींचा करंट एका क्षणात इकडचा तिकडे होतो आणि पुरवठ्याला हिसका बसतो. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (ज्यावर १०४ छापलेलं असतं तो) प्रत्येक चिपच्या पुरवठा आणि ग्राउंडच्या पिनांमध्ये, शक्य तितका जवळ लावा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर नसल्यात जमा. शिवाय जिथून वीज येते तिथे ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक. बायपोलर ५५५ आउटपुट बदलताना पुरवठ्यातून क्षणभर मोठा करंट ओढतो, तेव्हा त्याच्याजवळ दोन्ही हवेत.

व्होल्टेज मोजायचं ते चिपच्या पायांवर, १६ आणि ८ च्या मध्ये. अ‍ॅडॉप्टरवर ५.१ दिसून उपयोग नाही. एलएसला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात आणि सात-आठ बोर्ड एकामागोमाग जोडले की शेवटच्या बोर्डावर ४.५ मिळणं काही विशेष नाही. पुरवठा प्रत्येक बोर्डाला दोन्ही टोकांकडून द्या. काही लांब ब्रेडबोर्डांची पुरवठ्याची पट्टी मधोमध तुटलेली असते, छापलेल्या लाल-निळ्या रेषेत खंड दिसला तर तिथे जम्पर मारायला विसरू नका.

क्लॉकची वायर लांब असेल तर ती घंटीसारखी वाजते आणि एका एजचे दोन होतात. क्लॉक जिथून निघतो तिथे ३३ किंवा ४७ ओमचा रेझिस्टर मालिकेत टाका. जास्त घालायचा मोह नको. १६१ च्या क्लॉक पिनमधून लो असताना ०.८ मिलिअँपपर्यंत करंट बाहेर येतो. अशा पाच पिनांचे झाले ४ मिलिअँप, आणि १०० ओमवर त्याचे ०.४ व्होल्ट. लो ची सगळी मोकळीक तिथेच संपली.

एक चूक मुद्दाम वेगळी सांगायला हवी, कारण ती हुशारीतून होते. सीई आणि क्लॉक यांचा अँड करून तो पिन २ ला द्यायचा. क्लॉक हाय असताना सीई जरा हलला की नवा रायझिंग एज तयार होतो, आणि कंट्रोलच्या ईईप्रॉमची आउटपुटं पत्ता बदलताना हलतातच. क्लॉक सरळ पिन २ ला द्या. मोजायचं की नाही हे ईएनपी आणि ईएनटी ठरवतात, त्यासाठीच तर त्या आहेत.

दर सूचनेला काउंटर पाच किंवा सहा घरं पुढे जात असेल, म्हणजे तुमच्या सूचनेला जितक्या पायऱ्या आहेत तितकीच, तर सीईची वायर मोकळी आहे आणि काउंटर दर क्लॉकला मोजतोय. दर सूचनेला बरोबर दोन घरं जात असेल तर मायक्रोकोडमध्ये (कुठल्या पायरीत कुठल्या आज्ञा लावायच्या त्या यादीत) दोन पायऱ्यांत सीई लिहिला गेलाय. एकेक पायरी चालवली की लगेच दिसतं.

दोन चिप जोडून आठ बिटं केली, आणि गणित बिघडलं

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. नियम असा: क्लॉक दोन्ही चिपना एकच, सीई दोन्हींच्या ईएनपीला, खालच्या चिपची ईएनटी हाय, आणि खालच्या चिपची आरसीओ वरच्या चिपच्या ईएनटीला. यातली एकेक वायर चुकली की काय दिसतं ते पाहू.

१४, ३१, १६, १७ ... ३०, ४७, ३२: आरसीओ वरच्या चिपच्या क्लॉकला जोडलीय. खालचा निबल (चार बिटांचा गट) १५ झाला की आरसीओ हाय होते, तोच वरच्या चिपला रायझिंग एज वाटतो आणि ती एक घर लवकर पुढे जाते. म्हणून १५ च्या जागी ३१ दिसतं. पुढच्या क्लॉकला खालचा निबल शून्य होतो आणि आकडा १६ ला पुन्हा जुळतो. दर सोळांत एकच पत्ता चुकतो. १५ व्या पत्त्यापर्यंत न जाणारा छोटा प्रोग्रॅम महिनोन्महिने बिनतक्रार चालतो, त्यामुळे हा दोष फार उशिरा उघड होतो.

०, १७, ३४, ५१: दोन्ही निबल एकदम मोजतायत. वरच्या चिपची ईएनटी ५ व्होल्टला आहे किंवा मोकळी आहे, आरसीओ तिथवर पोचलेलीच नाही.

०, १ ... १४, १५ आणि मग ३१, ४७, ६३: हे सर्वांत फसवं. खालचा निबल १५ वर असताना वरचा पळत सुटतो. सीई फक्त खालच्या चिपच्या ईएनपीला दिलाय आणि वरच्या चिपची ईएनपी मोकळी आहे. आरसीओ ईएनपीकडे बघतच नाही, तिला फक्त ईएनटी आणि मोजलेला आकडा कळतो. सीई लो असताना खालची चिप १५ वर थांबते, पण आरसीओ हायच राहते. वरच्या चिपला दोन्ही परवानग्या मिळालेल्या, ती दर क्लॉकला एक वाढते. सूचनेला पाच पायऱ्या असतील आणि सीई त्यातल्या एकाच पायरीत असेल, तर पुढचा सीई येईपर्यंत चार क्लॉक जातात आणि वरचा निबल चार घरं जास्तीचा चढतो. पिन ७ ते पिन ७ एक वायर टाकली की संपलं. सतत सीई हाय ठेवून केलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून चाचणी घेताना काउंटर १५ वर आणा, सीई लो करा आणि चार-पाच क्लॉक देऊन पहा. काहीही हलता कामा नये.

जम्प केला, पण पोचला दुसरीकडेच

जम्पची चाचणी ६ किंवा ९ वर करू नका. ०११० आणि १००१ उलटे वाचले तरी तेच राहतात, ० आणि १५ चंही तसंच. इनपुटची बिटं उलट्या क्रमाने लावलेली असली तरी हे चार आकडे बरोबरच लोड होतील. १, २, ४, ८ असे एकेक बिटाचे आकडे द्या. १ दिल्यावर ८ आला की कळलंच.

प्रत्येक जम्प १५ वर जात असेल तर त्या एजला बसवर कोणी बोलतच नाही. इन्स्ट्रक्शन रजिस्टरचा (चालू सूचना धरून ठेवणाऱ्या भागाचा) २४५ उघडतोय का ते पहा, त्याची पिन १९ लो व्हायला हवी.

जम्पच्या पायरीत काउंटर जागचा हलतच नसेल, तर चुकून सीओ (काउंटरचा आकडा बसवर टाकण्याची आज्ञा) आणि जे (बसवरचा आकडा काउंटरमध्ये लोड करण्याची आज्ञा) एकाच वेळी लागलेत. काउंटर स्वतःचाच आकडा बसवर टाकून परत स्वतःतच लोड करून घेतो.

काउंटर आठ बिटांचा आणि सूचनेतला पत्ता चार बिटांचा असेल तर आणखी एक ठरलेला आकडा दिसतो: ५ ला उडी मारायची होती, गेला २४५ ला. ३ ला जायचं होतं, गेला २४३ ला. फरक २४० चा, म्हणजे वरची चार बिटं १. बसच्या वरच्या चार वायरी रिकाम्या आहेत आणि एलएस इनपुट त्यांना हाय समजतात. इथे बहुतेक जण १०के चा पुल-डाउन लावतात आणि काही फरक पडला नाही म्हणून चक्रावतात. हिशोब करून बघा. एलएस इनपुट लो ठेवायला ०.४ मिलिअँपपर्यंत करंट ग्राउंडकडे ओढावा लागतो. १०के वर त्याचे हिशोबाने ४ व्होल्ट होतात, आणि लो समजायला ०.८ च्या खाली यावं लागतं. १के लावला तरी दोन इनपुटांना बरोबर ०.८ येतं, हाताशी काही उरत नाही. अशी परिस्थिती चालते, पण ती नशिबावर. खरा उपाय म्हणजे इन्स्ट्रक्शन रजिस्टरच्या २४५ ची वरची चार इनपुटं ग्राउंड करून, आउटपुटं बसच्या वरच्या वायरींना जोडून तिथे खरेखुरे शून्य पाठवणं.

२४५ आणि एलईडी

काउंटरची आउटपुटं पिना २ ते ९ कडे, बस पिना १८ ते ११ कडे, तर पिन १ (दिशा) ५ व्होल्टला. ती ग्राउंडला गेली तर सीओ लागल्यावर २४५ उलट्या बाजूने काउंटरच्याच आउटपुटांवर बसचा आकडा ढकलू लागतो. दोन आउटपुटं एकाच वायरीवर भांडतात, बोटाला चिप गरम लागते आणि वायरीवर एक-दीड व्होल्टसारखं काहीतरी अधांतरी दिसतं. बस आठ बिटांची आणि काउंटर चारच बिटांचा असेल तर २४५ ची उरलेली चार इनपुटं ग्राउंड करा.

एलईडी थेट क्यूए ते क्यूडी वर, रेझिस्टरशिवाय लावलेले असतील तर पुढचं सगळंच संशयास्पद. हाय असलेली वायर लाल एलईडी १.८ ते २ व्होल्टवर दाबून धरतो आणि एलएस इनपुटला हाय समजायला निदान २ व्होल्ट लागतात. एलईडी झकास पेटलेला दिसतो, पण पुढच्या चिपला तिथे शून्य वाचता येतं. डोळ्यांना १५ दिसतात, बसवर ७ जातात. दर एलईडीला १के लावा. उजेड थोडा कमी पडेल, चालेल.

एलएस काउंटरपुढे एचसी चिप लावली असेल तर तिथेही हाच घोळ. एलएसचा हाय २.७ व्होल्टपर्यंत खाली असू शकतो, एचसीला ५ व्होल्टवर ३.५ लागतात. एचसीटी वापरा.

रीसेट

आपोआप मधेच शून्यावर येत असेल, विशेषतः हात जवळ नेल्यावर, तर पिन १ मोकळी आहे. १०के ने वर बांधा आणि बटणाने ग्राउंडला न्या.

उलट, क्लॉक थांबवून रीसेट दाबला आणि काही झालं नाही, पण क्लॉक देताच शून्य आला, तर ती चिप १६३ आहे. पिना त्याच, पण तिचा क्लिअर क्लॉकच्या एजची वाट पाहतो. प्रोग्रॅम काउंटरला ती चालते, उलट क्लिअरवरच्या खडखडाटाला ती बधत नाही. फक्त रीसेट धरून एक क्लॉक द्यायचा हे लक्षात ठेवायचं.

वीज दिल्यावर काउंटर कुठल्याही आकड्यावर जागा होतो, तो बिघाड नव्हे. १०के आणि १० मायक्रोफॅरडची जोडी एलएस१४ च्या एका इन्व्हर्टरला आणि त्याचं आउटपुट दुसऱ्या इन्व्हर्टरमधून पिन १ ला द्या. कपॅसिटर भरेपर्यंत क्लिअर लो राहतो आणि मग सुटतो. १०के ला समांतर एक १एन४१४८ डायोड, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे, म्हणजे वीज गेल्यावर कपॅसिटर लगेच रिकामा होईल. तो नसेल तर बंद करून झटकन चालू केल्यावर रीसेट लागत नाही. रीसेटचं बटण कपॅसिटरच्या दोन टोकांवर बसवा, पिन १ वर नको, नाहीतर ते इन्व्हर्टरच्या आउटपुटलाच ग्राउंडला जोडेल.

एवढं सगळं पाहूनही आकडे चुकत असतील तर चिप उचलून तिचे सोळाही पाय मोजा. खोचताना एखादा पाय पोटाखाली दुमडलेला असतो आणि वरून अजिबात दिसत नाही. सगळे पाय सरळ असतील, तरच दुसरी चिप लावून पहा.